कर्बेरॉसचा ॲडमिन सर्व्हर: वाचकांचे प्रश्न

यावेळी पत्रांत कर्बेरॉसच कर्बेरॉस आहे. ज्यांचा संबंध आला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी: एकदा पासवर्ड टाकला की पुढे नेटवर्कवरच्या सगळ्या मशीनवर तिकिटावर काम भागतं आणि पासवर्ड तारेवरून जातच नाही, अशी ही ऑथेंटिकेशन सिस्टिम. १९८०च्या दशकात एमआयटीच्या प्रोजेक्ट अथीनामधून निघाली आणि आपण आज वापरतो ती पाचवी आवृत्ती १९९३ पासूनची. खाली जे लिहिलंय ते एमआयटीच्या कर्बेरॉसबद्दल आहे, विंडोजच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीत हा कारभार वेगळा चालतो.

प्रश्न: सर नमस्कार, सांगलीजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात लॅबची सिस्टिम मी बघतो. रॉकी लिनक्सवर केडीसी (तिकिटं देणारा सर्व्हर) टाकलाय, रिअल्मचं (कर्बेरॉसच्या हद्दीचं) नाव कॉलेजच्या डोमेनवरून दिलंय, पोरांचं लॉगिन मस्त चालतंय. पण माझ्या लॅपटॉपवरून केॲडमिन (खाती सांभाळायचा प्रोग्रॅम) उघडून नवीन यूजर टाकायला गेलो की पासवर्ड घेतं, आत जातं आणि मग ‘ऑपरेशन रिक्वायर्स ॲड प्रिव्हिलेज’ म्हणून हाकलून देतं. सर्व्हरवर रूट होऊन केॲडमिन-डॉट-लोकल चालवलं की तेच काम एका झटक्यात होतं. सध्या तसंच ढकलतोय. काय राहिलंय?

उत्तर: तुमचं जवळजवळ सगळं बरोबर आहे, फक्त एका फाइलमधली एक ओळ बघायची राहिलीय बहुतेक. आधी हे लक्षात घ्या की केडीसी आणि ॲडमिन सर्व्हर हे दोन वेगळे प्रोग्रॅम आहेत, एकाच मशीनवर बसतात म्हणून लोक एकच समजतात. केडीसी पोर्ट ८८ वर बसून फक्त तिकिटं फाडतो. नावं चढवणं, काढणं, पासवर्ड बदलणं हे सगळं ॲडमिन सर्व्हर म्हणजे केॲडमिनडी करतो, पोर्ट ७४९ वर, आणि कोणाला काय करू द्यायचं हे तो केॲडम५-डॉट-एसीएल नावाच्या फाइलीत बघतो. केॲडमिन-डॉट-लोकल मात्र या कुणालाच विचारत नाही, थेट डेटाबेसची फाइल उघडतं, म्हणून तिथे तुम्हाला कधी अडलं नाही.

आता रेड हॅटच्या घराण्यात (रॉकी त्यातलाच) ही एसीएल फाइल आधीच भरलेली येते आणि तिच्यात ओळ असते ‘*/ॲडमिन@एक्झाम्पल.कॉम *’. बाकीच्या फाइलींत लोक एक्झाम्पल.कॉम शोधून शोधून बदलतात आणि ही राहते, कारण ती बदलली नाही तरी लॉगिन चालू असतं. तुमच्या नावाला एकही ओळ लागू पडत नाही, म्हणजे परवानगी शून्य, पण पासवर्ड बरोबर आहे म्हणून आत घेतं. तिथे तुमचा रिअल्म घाला, अक्षरं मोठी-छोटी जशी ठेवलीत अगदी तशीच, कारण रिअल्मच्या नावात कॅपिटल आणि स्मॉल वेगळं धरलं जातं. आणि मग केॲडमिन सर्व्हिस रीस्टार्ट करा, हे विसरू नका, केॲडमिनडी ही फाइल सुरू होतानाच वाचतो, नुसती सेव्ह करून बसलात तर तासभर डोकं खाजवाल. डेबियन-उबुंटूवाल्यांकडे उलटं आहे, तिथे तशीच ओळ फाइलीत असते पण पुढे हॅश लावून बंद केलेली, आणि सर्व्हिसचं नाव केआरबी५-ॲडमिन-सर्व्हर.

तरी नाही झालं तर केॲडमिनडीचा लॉग उघडा. नाकारलेली प्रत्येक मागणी तिथे ‘अनऑथोराइज्ड रिक्वेस्ट’ म्हणून पडते आणि पुढे क्लायंट म्हणून कोणतं नाव आलं होतं तेही असतं. ते नाव आणि एसीएलमधली ओळ शेजारी शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघा. बऱ्याचदा दिसतं की माणूस साध्या नावाने आलाय, मागे ‘/ॲडमिन’ नाहीच. तुम्ही नाव न देता केॲडमिन चालवलं तर ते स्वतःहून ‘/ॲडमिन’ चिकटवतं, पण मायनस पी देऊन साधं नाव दिलं तर जे दिलं तेच जातं. ‘पाटील’ आणि ‘पाटील/ॲडमिन’ हे कर्बेरॉसच्या लेखी दोन वेगळे प्रिन्सिपल (म्हणजे खाती) आहेत, पासवर्डही वेगळे, आणि ते वेगळेच ठेवा बरं का. रोजच्या मेलबिलसाठी साधं नाव, कारभारासाठी दुसरं.

प्रश्न: सर, आमच्याकडे हेल्पडेस्कवर दोन मुली बसतात, त्यांनी फक्त पासवर्ड रिसेट करून द्यावेत एवढंच हवंय. आमचे साहेब म्हणतात त्यांनाही ‘/ॲडमिन’ देऊन टाक, झंझट नको. मला ते पटत नाही पण दुसरं काय करायचं ते समजत नाही. (पुणे)

उत्तर: तुमचंच बरोबर आहे ताई, साहेबांचं ऐकू नका. एसीएलमधला तो शेवटचा तारा म्हणजे यूजर टाकणं, उडवणं, बदलणं, पासवर्ड, यादी, सगळं. फक्त किल्ल्या (खात्यांच्या गुप्त की) बाहेर काढण्याची परवानगी तेवढी ताऱ्यात येत नाही, तिचं अक्षर ‘ई’ आहे, ते मुद्दाम वेगळं लिहावं लागतं (आणि लिहू नका). साहेब म्हणतात तसं केलं तर हेल्पडेस्कवरून तुमचाच पासवर्ड बदलता येईल, साहेबांचाही.

त्यांच्यासाठी वेगळा शेपूट ठरवा, समजा ‘/मदत’. म्हणजे ‘कविता/मदत’ असा प्रिन्सिपल. मग एसीएलमध्ये ओळ अशी: आधी ‘*/मदत@रिअल्म’, मग अक्षरं ‘सी’ आणि ‘आय’, म्हणजे पासवर्ड बदलणं आणि माहिती बघणं, आणि तिसऱ्या जागी ‘*@रिअल्म’. ही तिसरी जागाच बहुतेक लोक मोकळी सोडतात, आणि मोकळी सोडली की परवानगी सगळ्यांवर लागू होते. ‘*@रिअल्म’ लिहिलं की ती फक्त एकाच तुकड्याच्या नावांवर चालते, म्हणजे साधे यूजर. ‘पाटील/ॲडमिन’मध्ये दोन तुकडे आहेत, ‘होस्ट/अमुक-सर्व्हर’मध्येही दोन, म्हणून त्यांना हात लागत नाही. यादी बघायची असेल तर खाली दुसरी ओळ, तेच नाव, अक्षर ‘एल’, आणि पुढे नुसता तारा.

एक मात्र सांभाळा. ही फाइल वरून खाली वाचली जाते आणि जी ओळ पहिली जुळेल तीच धरली जाते, पुढच्या ओळींची बेरीज होत नाही. म्हणून नेमक्या ओळी वर आणि ढोबळ ओळी खाली. वर कुठे ‘*/*’ सारखं काही घालून ठेवलंत तर खालची सगळी मेहनत वाया. आणि हो, स्वतःचा पासवर्ड बदलायला कुणालाच एसीएलमध्ये नाव लागत नाही, त्यामुळे विद्यार्थ्यांसाठी वेगळी ओळ घालायची गरज नाही, मी पाहिलंय घातलेली.

प्रश्न: ॲडमिन सर्व्हर बंद पडला तर काय होतं? दोन रिप्लिका (मुख्य सर्व्हरच्या जादा प्रती) आहेत, तिथेही केॲडमिनडी चालू करून ठेवू का? (कोल्हापूर)

उत्तर: रिप्लिकांवर केडीसी चालू, केॲडमिनडी बंद. रिप्लिकाचा डेटाबेस केप्रॉपने मुख्य मशीनवरून येतो, तिथे तुम्ही काही बदललं तर पुढच्या पूर्ण फेरीत पुसलं जाणार.

बंद पडला तर लगेच कुणाला कळतही नाही, कारण तिकिटं मिळत राहतात. पण पासवर्ड बदलायची विनंतीही (पोर्ट ४६४) केॲडमिनडीच घेतो. म्हणजे ज्यांच्या पासवर्डची मुदत नेमकी त्या दिवशी संपली ते लोक अडकतात, केडीसी म्हणतो आधी पासवर्ड बदल, आणि बदलून घेणारा जागेवर नाही. पॉलिसीत ९० दिवसांची मुदत घातलीय आणि सगळ्या पोरांची खाती जूनमध्ये एकाच दिवशी उघडलीत? मग तारीख मोजून ठेवा आणि त्या आठवड्यात सर्व्हरला हात लावू नका.

तयारी म्हणून एवढं करा. केप्रॉप फक्त डेटाबेस नेतो, तेव्हा एसीएल फाइल, केडीसीची कॉन्फिगरेशन आणि स्टॅश फाइल (डेटाबेसची मुख्य किल्ली असते ती) एका रिप्लिकावर आधीच नेऊन ठेवा. आणि क्लायंटच्या केआरबी५-डॉट-कॉन्फमध्ये ॲडमिन-सर्व्हर म्हणून मशीनचं खरं नाव न लिहिता डीएनएसमधलं टोपणनाव लिहा. मुख्य मशीन मेलं तर टोपणनाव दुसरीकडे वळवायचं आणि तिथे केॲडमिनडी सुरू करायचा, दोनशे मशीनवर जाऊन फाइल बदलत बसायला नको.

प्रश्न: ‘क्लॉक स्क्यू टू ग्रेट’ येतंय. (मडगाव)

उत्तर: घड्याळं जुळत नाहीत. पाच मिनिटांच्या वर फरक गेला की कर्बेरॉस ऐकत नाही. सगळीकडे क्रोनी (घड्याळ जुळवणारा प्रोग्रॅम) चालू करा.

प्रश्न: एनएफएस सर्व्हरची (नेटवर्कवरून फोल्डर देतो तो) कीटॅब फाइल, म्हणजे त्याच्या किल्ल्यांची फाइल, मी परवा ॲडमिन मशीनवरून परत काढली, बॅकअप म्हणून, केटीॲड वापरून. त्यानंतर लोकांचे होम फोल्डर माउंटच होईनात. मी तर फक्त कॉपी काढली होती! (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर: केटीॲड कॉपी काढत नाही, तिथेच घोळ झाला. ते दर वेळी नवीन किल्ली बनवतं, तिचा नंबर एकाने वाढवतं आणि ती तुम्ही सांगाल त्या फाइलीत टाकतं. तुमच्या बॅकअपमध्ये नवी किल्ली गेली, एनएफएस सर्व्हरवर जुनीच राहिली, आणि आता केडीसी नवीन किल्लीने तिकिटं देतोय जी त्या बिचाऱ्याला उघडता येत नाहीत.

दुरुस्ती सोपी आहे. एनएफएस मशीनवर जा, तिथूनच केॲडमिन उघडून परत केटीॲड करा, म्हणजे आणखी नवी किल्ली थेट त्याच्याच कीटॅबमध्ये बसेल. जुन्या ओळी लगेच काढू नका, लोकांकडे आधीची तिकिटं असतात ती संपेपर्यंत त्या लागतात. मग केलिस्टला मायनस के देऊन कीटॅबमधले नंबर बघा आणि केॲडमिनच्या गेटप्रिन्समध्ये दिसणाऱ्या नंबराशी जुळवा. बॅकअप हवाच असेल तर ती फाइल एससीपीने न्या, नाहीतर केडीसीवर केॲडमिन-डॉट-लोकलमध्ये केटीॲडला ‘नोरँडकी’ जोडा, मग किल्ली न बदलता निघते. परवा काढलेली ती बॅकअप फाइल मात्र आता डिलीट करून टाका, तिचा काही उपयोग राहिला नाही.