समित्या वाढतात, पदोन्नती का अडते?

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यातील एका अनुदानित महाविद्यालयात पाच वर्षांपासून मराठीची सहायक प्राध्यापक आहे. एम. ए., सेट (प्राध्यापकपदासाठीची राज्य पात्रता परीक्षा) झाले आहे, पीएच.डी.ची नोंदणी तीन वर्षांपूर्वी केली. राष्ट्रीय सेवा योजना, परीक्षा विभाग, नॅकचे (महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या संस्थेचे) अहवाल, प्रवेश समिती, सगळे माझ्याकडेच येते. माझ्यानंतर आठ महिन्यांनी रुजू झालेल्या, पीएच.डी. असलेल्या सहकाऱ्याचे मात्र प्लेसमेंट, म्हणजे वरच्या वेतनस्तरावर पदोन्नती झाली. या पेशात कष्ट उपयोगी पडतात की ओळखी?

उत्तर : ओळखी कोठे उपयोगी पडत नाहीत? पण तुमच्या बाबतीत हिशेब साधा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या विनियमांनुसार वेतनस्तर 10 वरून 11 वर जाण्यासाठी पीएच.डी.धारकाला चार वर्षे, एम.फिल.धारकाला पाच वर्षे आणि इतरांना सहा वर्षे सेवा लागते. सहकाऱ्याची चार वर्षे भरली, तुमची सहा भरायची आहेत. पुढे महाविद्यालयात सहयोगी प्राध्यापक होताना तर पीएच.डी. अनिवार्यच आहे.

समित्यांविषयी थोडे स्पष्ट लिहितो, कारण आपल्याकडे हाताला लागणाऱ्या माणसावरच कामे लादली जातात आणि नाही म्हणणे उद्धटपणाचे ठरते. वार्षिक मूल्यमापनात नेमून दिलेल्या तासांपैकी 80 टक्के किंवा त्याहून अधिक तास घेतले की अध्यापनाला ‘चांगली’ श्रेणी मिळते. प्रशासकीय जबाबदाऱ्या, परीक्षा, विद्यार्थी उपक्रम, संशोधन अशा इतर कामांपैकी किमान तीन प्रकारांत सहभाग असला की तेथेही तीच श्रेणी. म्हणजे तीन प्रकार भरल्यानंतरच्या समितीने तुमच्या श्रेणीत काहीही भर पडत नाही. तिच्यापायी जातात त्या संध्याकाळी, ज्यांत प्रबंधाचे प्रकरण लिहून झाले असते. घरचा स्वयंपाक आणि मुलांचा अभ्यासही त्याच संध्याकाळी असतो, हे संस्थाचालकांच्या गावीही नसते. प्रसूती रजा किंवा बालसंगोपन रजा घेतली असेल, तर तो काळ या मूल्यमापनातून वगळला जातो, हे मात्र अनेकींना कोणी सांगत नाही.

दुसरी गोष्ट तारखांची. पदोन्नतीसाठी लागणाऱ्या रिफ्रेशर (उजळणी) अभ्यासक्रमाचे माझे प्रमाणपत्र मूल्यमापनाचा कालावधी संपल्यावर अकरा दिवसांनंतरच्या तारखेचे निघाले आणि तेवढ्यावरून माझा प्रस्ताव कार्यालयातून परत आला होता. प्राचार्यांनी हळहळ व्यक्त केली, पण पदोन्नती काही झाली नाही. अटी देय तारखेला, म्हणजे लागणारी सेवा भरते त्या दिवशी, पूर्ण असतील तर लाभ त्या तारखेपासून मिळतो, नंतर पूर्ण केल्या तर त्या नंतरच्या तारखेपासून. आणि तो फरक पुढच्या प्रत्येक टप्प्यावर सोबत येतो.

तेव्हा यंदा परीक्षा विभाग आणि सेवा योजना ठेवा, तिसरे काम प्रबंधातूनच निघेल अशा एखाद्या शोधनिबंधाचे असू द्या, आणि बाकीच्या समित्यांतून मोकळे करण्याची विनंती प्राचार्यांना लेखी द्या. आवक क्रमांकासह तिची प्रत फायलीत लावा.