'चालेल' हे तोंडी ऐकून थांबू नका : कॅलिफोर्नियातलं कम्युनिटी कॉलेज नर्सिंग

तुमची पोस्ट वाचली आणि रात्री पुन्हा उघडून वाचली. एच-४ वर (एच-१बी या कामाच्या व्हिसावाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) आहात, नुकतंच ईएडी (काम करायची परवानगी) हातात आलंय, नागपूरची मायक्रोबायोलॉजीची बी.एस्सी. आहे, मुलगी पहिलीत आहे. कॉलेजमधल्या कौन्सेलर म्हणाल्या की भारतातली मायक्रो आणि फिजिऑलॉजी धरली जाईल, फक्त इव्हॅल्युएशन (परदेशी गुणपत्रिकेचं अमेरिकन पद्धतीने मूल्यमापन) करून आणा. म्हणून तुम्ही विचारताय की या सेमिस्टरला इंग्लिश आणि सायकॉलॉजी एवढंच घेऊन पुढच्या जानेवारीत एडीएनला (नर्सिंगची दोन वर्षांची पदवी) अर्ज करू का.

कृपा करून तसं करू नका. जानेवारी २०१४ मध्ये मला जवळजवळ याच शब्दांत हेच सांगितलं गेलं होतं, आणि त्यात माझी दोन वर्षं गेली.

आधीच सांगते, मी वकील नाही, कौन्सेलर नाही. माझा अनुभव कॅलिफोर्नियाचा, तोही एकाच कॉलेजचा. टेक्सास किंवा न्यू जर्सीवाल्यांनी आपापले नियम बघावेत. आणि ज्यांचं भारतात जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) किंवा बी.एस्सी. नर्सिंग झालंय त्यांचा रस्ताच वेगळा, त्यांनी सरळ राज्याच्या नर्सिंग बोर्डाकडे जावं. टीज (नर्सिंगची प्रवेशपरीक्षा) काय, प्रीरिक्विझिट (अर्जाआधी पूर्ण करायचे विषय) काय, ते तुम्हाला माहीत आहे असं पोस्टवरून दिसतंय, त्यामुळे त्यात शिरत नाही.

माझं काय झालं ते सांगते. पुण्याची बी.एस्सी., विषय तुमचाच. कौन्सेलिंगच्या खिडकीत बसलेल्या बाई फार गोड बोलल्या. माझी गुणपत्रिका बघितली, बोटाने ओळी मोजल्या आणि म्हणाल्या, तुझं सायन्स तर आमच्या मुलांपेक्षा जास्त झालंय, काही काळजी करू नकोस. मी आनंदाने घरी आले. मग सुरू झाली ट्रान्सक्रिप्टची मोहीम. पासष्टीच्या बाबांनी विद्यापीठाच्या चार खेपा घातल्या. शेवटी पाकीट मिळालं, त्यावर शिक्का होता, कडेला सही होती. बाबांनी घरी येऊन ते उघडलं, कारण माझं नाव माहेरचं लिहिलंय की सासरचं हे त्यांना बघायचं होतं. मग व्यवस्थित डिंक लावून परत बंद केलं. फोनवर मोठ्या समाधानाने म्हणाले, 'नाव बरोबर आहे गं, मी पाहिलं.' मला रागवता आलं नाही. उघडलेलं पाकीट इव्हॅल्युएशनला चालत नाही, म्हणून त्यांना पुन्हा सगळं करावं लागलं. (तुमच्या घरच्यांना हे आजच सांगा. पाकीट सीलबंद राहू दे. आणि नाव बदललं असेल तर लग्नाच्या दाखल्याची प्रत आधीच हाताशी ठेवा.)

एवढं करून कोर्स-बाय-कोर्स रिपोर्ट आला, सगळे विषय नीट उतरले होते. तोवर मी वर्षभर इंग्लिश, सायकॉलॉजी, स्पीच केलं होतं. जानेवारी २०१५ मध्ये अर्ज भरला. मार्चमध्ये चार ओळींचं पत्र आलं: अर्ज अपूर्ण. प्रयोगशाळेचे सायन्स विषय मान्यताप्राप्त अमेरिकन कॉलेजमधूनच झालेले हवेत, शिवाय ते ठराविक वर्षांच्या आतले हवेत. माझे विषय भारतातले होते आणि दहा वर्षांपूर्वीचे. म्हणजे दोन्ही अंगांनी बाद.

मी पत्र घेऊन त्याच खिडकीशी गेले. बाई तिथेच होत्या. म्हणाल्या, मी असं कधी सांगितलेलं नाही, नर्सिंगचे नियम नर्सिंग विभाग ठरवतो. विभागात गेले तर तिथे म्हणाले, आमच्या अर्जाच्या पॅकेटमध्ये हे छापलेलं आहे. आणि खरंच होतं, सहाव्या पानावर. वर्षभरात मी ते पॅकेट उघडून बघितलं नव्हतं, कारण माणसाने तोंडावर 'चालेल' म्हटलं होतं. त्या कार्यालयाचा राग मला अजून आहे आणि तो योग्य आहे असं मला वाटतं. ज्या माणसाला माहीत नाही त्याने 'मला माहीत नाही' म्हणावं. समोरच्या बाईचं अख्खं वर्ष त्या एका वाक्यावर उभं असतं. पण लेखी काही न घेणं ही चूक माझी होती, तेही तितकंच खरं.

त्यानंतर काय झालं तर जागाच नाहीत. सायन्सचे लॅबवाले वर्ग नोंदणी उघडल्याबरोबर भरतात, आणि कमी युनिट (क्रेडिट) झालेल्या विद्यार्थ्यांची नोंदणीची तारीख सगळ्यात शेवटची. मला अ‍ॅनाटॉमी मिळाली ती फॉल २०१५ (ऑगस्टपासूनचं सत्र) मध्ये, वेटलिस्टवरून. फिजिऑलॉजीला आधी अ‍ॅनाटॉमी लागत होती, म्हणून ती स्प्रिंग २०१६ (जानेवारीपासूनचं सत्र) मध्ये. मायक्रो त्यानंतरच्या फॉलमध्ये. जानेवारी २०१७ मध्ये पुन्हा अर्ज, फॉल २०१७ ला प्रवेश. हे तीन विषय मी २०१४ मध्येच सुरू केले असते तर २०१७ मध्ये पदवी हातात आली असती. आणि या तिन्हींची फी किती? रेसिडेंटला (राज्याच्या रहिवाशाला) युनिटमागे ४६ डॉलर, पंधरा युनिट धरले तरी ७०० च्या आत. तेवढ्यासाठी दोन वर्षं.

म्हणून माझं मत अगदी ठाम आहे. भारतात सायन्स कितीही झालेलं असो, अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी आणि मायक्रो इथे पुन्हा करा. तुम्हाला येतंय म्हणूनच करा. प्रवेशाच्या गुणांकनात याच विषयांच्या ग्रेड धरतात, आणि तुम्हाला तिथे ए मिळवणं इतरांपेक्षा सोपं जाईल. इव्हॅल्युएशन मात्र रद्द करू नका. गुणांकनाने प्रवेश देणाऱ्या कॉलेजांत आधीच्या पदवीला वेगळे गुण असतात, ते त्या रिपोर्टवरच मिळतात.

आणखी एक, जे मला कोणी सांगितलं नाही. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात या गुणांकनाचे जे निकष आहेत त्यात इंग्रजीखेरीज दुसरी भाषा येणं हाही एक आहे, आणि भारतीय उपखंडातल्या भाषा त्यात स्पष्ट लिहिलेल्या आहेत. म्हणजे मराठीला गुण आहेत! ते किती आणि पुरावा काय लागतो हे प्रत्येक कॉलेजचं वेगळं, पण विचारा. मी पहिल्या अर्जात तो रकाना कोरा सोडला होता. काही कॉलेजं मात्र सरळ लॉटरी काढतात, तिथे यातलं काहीच चालत नाही. अर्ज किमान दोन-तीन कॉलेजांत करा. टीजला ६२ टक्के लागतात, पण गुणांकन असेल तिथे ६२ वर समाधान मानू नका. काही ठिकाणी पहिल्याच प्रयत्नाचा निकाल धरतात, 'एकदा देऊन बघू' असं करू नका.

रेसिडेन्सीचं तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगते. एच-४ वर ती मिळते. सेमिस्टर सुरू होण्याआधी एक वर्ष आणि एक दिवस इथे राहिल्याचे कागद दाखवावे लागतात. नाहीतर फी कित्येक पट.

आता प्रवेश मिळाल्यावरचं. इथे आपल्याला, म्हणजे भारतात वाढलेल्यांना, हमखास अडवणाऱ्या दोन-तीन गोष्टी आहेत.

क्लिनिकलला (हॉस्पिटलमधल्या प्रत्यक्ष कामाला) जाण्याआधी टीबीची चाचणी लागते. आपण लहानपणी बीसीजी (टीबीची लस) घेतलेली असते, त्यामुळे हातावरची चाचणी फुगू शकते. माझी फुगली. नर्सने पट्टीने मोजून १४ मिलिमीटर लिहिलं आणि मी थेट एक्स-रेच्या रांगेत, पहिल्या आठवड्याच्या ओरिएंटेशनला मुकता मुकता वाचले. तुम्ही आधीच रक्ताची चाचणी मागा, बीसीजीमुळे ती फसत नाही. हेपेटायटिस बीचं टायटरही (लसीची प्रतिकारशक्ती रक्तात किती आहे याची तपासणी) प्रवेशाची वाट न बघता करून घ्या. कमी निघालं तर तीन डोसांना सहा महिने जातात.

दुसरी गोष्ट औषधाच्या गणितांची. गणित आपल्याला येतं, लिहिण्यात मार खातो. आपण शाळेपासून '.५' लिहित आलो. इथे '०.५' च लिहायचं, टिंबाआधीचं शून्य हवंच. आणि 'पाच' लिहिताना '५.०' कधीही नाही, कारण टिंब दिसलं नाही तर रुग्णाला दहापट डोस जातो. माझ्या पहिल्या परीक्षेत सगळी उत्तरं बरोबर होती आणि तरी दोन प्रश्न गेले, ते याच टिंबांपायी. पास व्हायला ९० टक्के लागत होते. बाईंनी पेपर परत देताना त्या '.५' भोवती लाल गोल काढला होता आणि शेजारी लिहिलं होतं, 'हे पेशंटच्या नसेत जाणार आहे'. अजून सिरिंज पंपावर आकडा टाकताना मला तो लाल गोल दिसतो.

तिसरी गोष्ट प्रश्नांची पद्धत. चारही पर्याय बरोबर असतात आणि विचारतात, तुम्ही आधी काय कराल. आपण पाठ केलेलं ओतायला जातो. त्यापेक्षा पहिल्या दिवसापासून प्रश्न सोडवत अभ्यास करा, पुस्तक नंतर. एनक्लेक्सही (पदवीनंतरची नर्सच्या लायसन्सची परीक्षा) तसंच आहे. एप्रिल २०२३ पासून ते नव्या स्वरूपात आहे, ८५ ते १५० प्रश्न, पाच तास, त्यात पूर्ण केसवरचे प्रश्न असतात. मी २०१९ मध्ये जुनं दिलं, त्यामुळे तयारीच्या पुस्तकांबद्दल माझं ऐकू नका, अलीकडे पास झालेल्यांना विचारा.

मुलीबद्दल लिहिलंत, म्हणून. क्लिनिकलच्या दिवशी मी पावणेसातला वॉर्डवर असायचे, म्हणजे शाळा उघडायच्या कितीतरी आधी. नवऱ्याशी आत्ताच बसून बोला आणि आठवड्यातले ते दोन दिवस सकाळ पूर्णपणे त्याची हे ठरवून टाका. 'बघू, जमवू' यावर दोन वर्षं निघत नाहीत. आमच्याकडे पहिल्या सेमिस्टरला रोज सकाळी भांडण होत होतं. दुसऱ्या सेमिस्टरपासून डबा आणि वेणी दोन्ही त्याच्याकडे गेलं.

'एवढी शिकून नर्स?' हे तुमच्या सासरचे म्हणताहेत, माझ्याकडे माहेरचे म्हणाले. वाद घालू नका, वेळ नाही तुमच्याकडे. २०२० च्या उन्हाळ्यात मी कोविड वॉर्डवर होते, तेव्हापासून आमच्याकडे कोणी हा विषय काढला नाही.

व्हिसाचं मात्र डोळे उघडे ठेवून बघा. एच-४ वर शिकता येतं, पण काम ईएडीवरच. ईएडी गेलं तर आरएनच्या (रजिस्टर्ड नर्सच्या) नेहमीच्या नोकरीवर एच-१बी मिळणं फार अवघड असतं, कारण त्या कामाला चार वर्षांची पदवी लागतेच असं धरत नाहीत. ग्रीनकार्डच्या रांगेत तुम्ही कुठे आहात ते वकिलाला विचारून मगच ठरवा. सरकारी स्टुडंट लोनही एच-४ वर मिळत नाही. म्हणूनच 'वेटिंग लिस्ट नाही, लगेच प्रवेश' अशा खाजगी कॉलेजांच्या जाहिरातींना भुलू नका. निदान राज्याच्या बोर्डाच्या यादीत नाव आहे का, तेवढं बघाच. २०२३ मध्ये फ्लोरिडातल्या तीन कॉलेजांच्या ७,६०० वर बनावट नर्सिंग पदव्यांचं प्रकरण बाहेर आलं, ते लक्षात असू द्या.

आता आज काय करायचं ते. नर्सिंग विभागाच्या वेबसाइटवरून या वर्षीचं अर्जाचं पॅकेट उतरवा आणि सगळं वाचा, तळटीपांसकट. मग कौन्सेलिंगला नाही, थेट नर्सिंग विभागाला ईमेल लिहा. त्यात तीनच प्रश्न: भारतातले लॅब विषय प्रीरिक्विझिट म्हणून धरता का, विषय किती वर्षांपर्यंतचे चालतात, आणि परदेशी पदवीला गुणांकनात गुण आहेत का. उत्तर आलं की छापून ठेवा. फोनवर सांगितलं तर 'आपलं आत्ता असं बोलणं झालं' असा मेल लगेच टाका.

आणि उत्तराची वाट न बघता अ‍ॅनाटॉमीची नोंदणी कधी उघडते ते आज रात्रीच बघा. वर्ग भरलेला दिसला तरी वेटलिस्टवर नाव घाला आणि पहिल्या दिवशी वर्गात जाऊन बसा. मी वेटलिस्टवर अकरावी होते. पहिल्याच दिवशी बरेच जण आले नाहीत आणि मला जागा मिळाली. ईमेलचं उत्तर आलं की इथेच टाका, मी बघते.