शेंगांची टरफलं, मिथिलीन ब्लू आणि शिसं

प्रश्न : बी.एस्सी.च्या प्रकल्पात भुईमुगाच्या शेंगांच्या टरफलांची पूड वापरून पाण्यातला मिथिलीन ब्लू हा निळा रंग काढतो आहोत. एकाच प्रयोगाचं उत्तर कधी ८५ टक्के, कधी ९७ टक्के येतं. गाळलेलं पाणी पिवळसर दिसतं. हीच पूड इथल्या प्रोसेस हाउसच्या (कापड रंगवण्याच्या कारखान्याच्या) पाण्याला चालेल का? (इचलकरंजी)

उत्तर : आधी गाळणकागद बाजूला ठेवा. मिथिलीन ब्लू धनभारित असतो, त्यामुळे तो कागदातल्या सेल्युलोजलाही चिकटतो आणि श्रेय टरफलांना मिळतं. नमुना सेंट्रिफ्यूज करा, म्हणजे यंत्रात वेगाने फिरवून पूड तळाशी बसवा. प्रत्येक वेळी पूड न घातलेलं रंगाचं द्रावणही त्याच बाटलीत, तितकाच वेळ हलवून मोजा.

पिवळेपणा टरफलांतल्या टॅनिनचा आहे. पूड चाळून एकाच जाडीची घ्या, धुवणाचं पाणी रंगहीन होईपर्यंत गरम पाण्याने धुवा आणि १०५ अंश सेल्सिअसला रात्रभर वाळवा. नुसत्या पाण्यात पूड हलवून त्या पाण्याचा शोषणांकही (ते किती प्रकाश शोषतं तो आकडा) घ्या. मोजणी ६६४ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशावर, प्रमाणित द्रावणं १ ते ४ मिलिग्रॅम/लिटर. नमुना याहून गडद असेल तर पातळ करून मोजा, कारण पुढे आलेख सरळ राहत नाही.

नुसती टक्केवारी फसवते. ५० मिलिग्रॅम/लिटरच्या ५० मिलि द्रावणात ०.१ ग्रॅम पूड टाकल्यावर ५ मिलिग्रॅम/लिटर उरले, तर ९० टक्के रंग गेला आणि क्षमता, म्हणजे दर ग्रॅम पुडीने धरलेला रंग, २२.५ मिलिग्रॅम/ग्रॅम. पूड ०.२ ग्रॅम केली आणि १.५ उरले, तर ९७ टक्के. पण क्षमता १२.१ वर घसरली. म्हणून पुडीचं वजन, सुरुवातीची तीव्रता, पीएच आणि वेळ यांच्याशिवाय टक्केवारी लिहूच नका.

प्रोसेस हाउसचा प्रश्न वेगळा. सुती कापडाचे रिअ‍ॅक्टिव्ह रंग ऋणभारित असतात. टरफलांचा पृष्ठभागही तिथल्या सोडामिश्रित, अल्कधर्मी पाण्यात ऋणभारित होतो, म्हणजे दोघं एकमेकांना दूर ढकलतात. मिथिलीन ब्लूवरचं यश तिथे लागू धरू नका. खऱ्या पाण्यावर, आम्ल घालून पीएच उतरवून, नव्याने चाचणी करा.

प्रश्न : याच पद्धतीने शिसं काढता येईल का?

उत्तर : येईल, पण पीएच ५ च्या आसपास ठेवा. ३ च्या खाली हायड्रोजन आयन पुडीवरच्या शिसं चिकटण्याच्या जागा अडवतात. ६ च्या पुढे शिशाचा हायड्रॉक्साइड साका बसू लागतो आणि ते अधिशोषण (पुडीच्या पृष्ठभागाला चिकटणं) समजलं जातं. लेड नायट्रेट १.६० ग्रॅम, एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात : हे १००० मिलिग्रॅम/लिटरचं मूळ द्रावण. नळाचं पाणी नको, त्यातले कार्बोनेट-सल्फेट साका पाडतात. पीएच पातळ नायट्रिक आम्लाने उतरवा, सल्फ्युरिकने नाही.

हे पाणी पिण्यायोग्य झालं, असा निष्कर्ष मात्र काढू नका. ५० मिलिग्रॅम/लिटरमधलं ९९ टक्के शिसं गेलं तरी ०.५ उरतं, पिण्याच्या पाण्याची भारतीय मानकातली मर्यादा ०.०१ आहे. वापरलेली पूड बागेत किंवा कंपोस्टमध्ये अजिबात टाकू नका, आम्लाचा स्पर्श झाला की शिसं पुन्हा सुटतं. ती लेबल लावून, बंद डब्यात, प्रयोगशाळेच्या घातक कचऱ्यात द्या.