कॉलेज सोडू म्हणतो, ट्रॅक विकणार म्हणतो

मानेवाड्याहून एका आईंचं पत्र आहे. मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, रात्ररात्र लॅपटॉपवर म्युझिक करतो. आता बाहेरच्या देशातल्या एका म्युझिक लायब्ररीने दहा ट्रॅक मागितलेत, अ‍ॅग्रीमेंट पाठवलंय, आणि पोरगं म्हणतं कॉलेज सोडतो.

ताई, आधी हे सांगतो की पोरगा हवेत बोलत नाहीये, हा धंदा खराच आहे. सिरीयल, जाहिरात, डॉक्युमेंटरीच्या मागे वाजतं ते सगळं काही मुद्दाम बनवून घेत नाहीत, तयार ट्रॅकमधून उचलतात, लंडनची डी वुल्फ कंपनी तर 1909 पासूनची. पण कॉलेज सोडण्याइतका पैसा दहा ट्रॅकमध्ये नाही. ट्रॅक वापरला गेला तर लायसन्स फीचा वाटा येतो, आणि टीव्हीवर वाजला की रॉयल्टी, ती चॅनेलच्या क्यू शीटवरून, म्हणजे कुठला ट्रॅक किती वाजला त्या यादीवरून, संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या सोसायटीमार्फत फिरत फिरत येते, वर्षही लागतं कधीकधी. आपल्याकडे ती सोसायटी म्हणजे आयपीआरएस, तिथं मेंबर व्हायला लावा त्याला.

अ‍ॅग्रीमेंटमध्ये 'एक्सक्लुझिव्ह' असेल तर तो ट्रॅक दुसरीकडे कुठंच देता येणार नाही. मुदत किती, ट्रॅक परत मिळतो का, तेवढं नीट वाचा. आपल्या कॉपीराइट कायद्यात मुदत लिहिलीच नसेल तर ती 5 वर्षं धरतात, पण हे लोक 'कायमचे' असं स्पष्ट लिहितात आणि कायदा त्यांच्याच देशाचा लावतात, त्यामुळे त्या भरवशावर राहू नका. आणि विकतचे लूप, म्हणजे तयार मिळणारे वाजवलेले तुकडे, किती वापरलेत ते त्याला खरं खरं विचारा. माझ्याकडच्या एका मुलाचा ट्रॅक याच्यावरूनच परत आला, तोच लूप आणखी कोणाच्या तरी गाण्यात होता अन् यूट्यूबवर कॉपीराइटचा क्लेम पडला.

तुम्ही पाठवलेले तीन ट्रॅक ऐकले. पहिले दोन ट्रेलरवाले ढोल, तसे हजारो पडलेत. तिसऱ्यातली बासरी मात्र मस्त, फक्त मागे कूलरची घरघर येते हो! मे महिन्यात नागपुरात कूलर बंद करून कोण बसणार, म्हणून पहाटे पाचला रेकॉर्ड करायला सांगा. शेवट फेड आऊट नको, ठाम संपव म्हणावं, एडिटरला तसाच लागतो. त्याच ट्रॅकचे 60, 30, 15 सेकंदांचे कट, एक मेलडी काढलेला, स्टेम्स, म्हणजे एकेका वाद्याच्या फाईली, वेगळ्या, 24 बिटची वेव्ह फाईल, हे सगळं तयार पाहिजे. ढोलच हवे तर मारबतीच्या मिरवणुकीतले वाजवणारे बोलवा, त्यांचे पैसे द्या आणि कागदावर सही घ्या, नुसतं मोबाईलवर टिपून आणलेलं चालत नाही.

कॉलेज चालू ठेवून महिन्याला दोन ट्रॅक झाले तरी डिग्रीपर्यंत पन्नासच्या आसपास जातील, मग बोलू सोडायचं. सही करायच्या आधी अ‍ॅग्रीमेंट घेऊन शनिवारी धरमपेठेत माझ्याकडे या, त्यालाही आणा, हेडफोनसकट.