पांढऱ्या पेशी धमनीच्या भिंतीत काय करतात?

प्रश्न : माझ्या वडिलांचे वय 58 असून गेल्या महिन्यात लातूर येथे त्यांची अँजिओप्लास्टी झाली. अडथळा आणणाऱ्या थरात पांढऱ्या पेशीही असतात, असे डॉक्टरांनी सांगितले. रोगाशी लढणाऱ्या या पेशींनीच धमनी कशी कडक केली? त्या कमी करणारे औषध घ्यावे काय?
– एक वाचक, ता. औसा

उत्तर : ठिबकच्या नळीत क्षार बसावेत तशी धमनीत चरबी बसते, असा आपल्याकडे समज आहे. प्रत्यक्षात हा थर पोकळीत बसत नाही, तो भिंतीच्या अस्तराखाली वाढतो आणि त्या वाढीत पांढऱ्या पेशींचा मोठा वाटा असतो.

एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलचे कण अस्तराखाली शिरून अडकले की तेथे त्यांचे ऑक्सिडीकरण होते, म्हणजे ऑक्सिजनशी संयोग होऊन ते बिघडतात. त्यामुळे डिवचलेल्या अस्तराच्या पेशी आपल्या पृष्ठभागावर चिकट प्रथिने आणतात. रक्तातून वाहणाऱ्या मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी त्यांना चिकटतात, भिंतीत शिरतात आणि मॅक्रोफेज, म्हणजे भक्षक पेशी बनतात. त्या सफाईसाठीच आलेल्या असतात. परंतु बिघडलेले कोलेस्टेरॉल गिळताना कोठे थांबावे हे त्यांना कळत नाही. चरबीने भरून त्या फेसाळ दिसू लागतात, पुष्कळशा तेथेच मरतात आणि त्यांच्या अवशेषांचा मऊ गाभा तयार होतो. त्यावर स्नायुपेशी तंतूंचे झाकण घालतात, पुढे कॅल्शियम साचते आणि भिंत ताठ होते. जिवंत भक्षक पेशींची विकरे, म्हणजे तंतू तोडणारे स्राव, मात्र हेच झाकण झिजवत राहतात. ते फाटले की गाभ्याला रक्ताचा स्पर्श होऊन गुठळी धरते. म्हणूनच धमनी निम्मीही न चोंदलेल्या माणसाला एकाएकी झटका येऊ शकतो.

पांढऱ्या पेशी कमी करण्याचे औषध या कारणासाठी घेऊ नये. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या कँटोस चाचणीत, पूर्वी झटका येऊन गेलेल्या 10,000 हून अधिक रुग्णांवर कॅनाकिनुमॅब हे दाह, म्हणजे पांढऱ्या पेशींची ही चिथावलेली प्रतिक्रिया, शमवणारे औषध तपासले गेले. त्याच्या 150 मिलिग्रॅम मात्रेने एलडीएल न घटताही झटका, पक्षाघात व हृदयविकाराने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण सुमारे 15 टक्क्यांनी उतरले. दाहाचा वाटा त्यातून सिद्ध झाला, पण जीवघेणे संसर्गही वाढले.

वडिलांना कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिनची गोळी दिली असेल, तर बरे वाटते म्हणून ती मनाने बंद करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. एलडीएल उतरले की पेशी भिंतीत ओढल्या जाण्याचे मूळ कारणच कमी होते. ते विडी ओढत असतील, तर ती सुटायलाच हवी. तिच्या धुराने अस्तर दुखावते आणि रक्तातील पांढऱ्या पेशी वाढतात. विडी सोडल्यावर ही संख्या पुन्हा खाली येऊ लागते.