जुन्या माउंटन बाइकचा मागचा ब्रेक खाली चेनजवळ आहे, त्यावर नावही नाही. हा प्रोटोटाइप असेल का? काढून व्ही-ब्रेक बसवू का?

तुम्ही लिहिलंय की मालवणला आजोळच्या पडवीत ही परदेशी सायकल मिळाली, मागचा ब्रेक पायडलच्या मागे खालच्या दांड्यांवर आहे, त्यात एक त्रिकोणी पत्रा आहे आणि मेकॅनिक तो ब्रेकच काढायला सांगतोय.

काढू देऊ नका. व्ही-ब्रेक (रिमच्या दोन बाजूंना दोन लांब दांड्या असलेला ब्रेक) त्या जागी बसणारच नाही. तुमच्या फ्रेमवर ब्रेकसाठी जे दोन खुंट झाळून बसवलेत ते रिमच्या वर, टायरच्या बाजूला आहेत. व्ही-ब्रेकला आणि त्याच्या आधीच्या साध्या कँटिलिव्हर ब्रेकला खुंट रिमच्या खाली, आऱ्यांच्या बाजूला लागतात. म्हणजे ब्रेक बदलायचा तर खुंट कापून नवे झाळावे लागतील, आणि तसं केलंत की ती सायकल तिच्या काळाची राहिली नाही.

तुमच्याकडे आहे तो रोलर-कॅम ब्रेक. कॅलिफोर्नियातल्या चार्ली कनिंगहॅमची ही रचना. १९७६ पासून तिथे फेअरफॅक्स गावाबाहेरच्या डोंगरउतारावर पोरं जुन्या जाड टायरच्या सायकली घेऊन शर्यती लावायची. त्या सायकलींना पायडल उलटं दाबून लागणारा हबमधला ब्रेक होता. खाली पोहोचेपर्यंत हब इतका तापायचा की ग्रीस जळून जायचं आणि पुन्हा भरावं लागायचं. त्यावरून त्या शर्यतीचं नावच ‘रीपॅक’ पडलं. आंबा घाट किंवा फोंडा घाट सायकलने उतरलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. पुढे या सायकलींच्या ब्रेकवर जे प्रयोग झाले ते बरेचसे याच गरजेतून. १९८१ च्या पहिल्या स्टम्पजंपरला (स्पेशलाइज्ड कंपनीची माउंटन बाइक) फ्रेंच माफाक कंपनीचे टँडम, म्हणजे दोघांनी चालवायच्या सायकलसाठी बनवलेले कँटिलिव्हर लावले होते, कारण तेवढ्या ताकदीचं दुसरं काही तयार मिळत नव्हतं.

आता तो त्रिकोणी पत्रा जवळून बघा. ब्रेकच्या दोन हातांच्या, म्हणजे दांड्यांच्या, टोकांना एकेक छोटा रोलर आहे आणि पत्रा त्या दोघांच्या मधे आहे. वायर ओढली की पत्रा सरकतो, रोलर बाजूला होतात आणि ब्रेकची रबरं रिमवर येतात. पत्र्याच्या कडेवरून बोट फिरवा, ती सरळ नाही. सुरुवातीच्या भागात रबर झटकन रिमपर्यंत येतं, पुढच्या भागात हालचाल कमी आणि जोर जास्त. सगळी करामत त्या कडेच्या वळणात आहे. मला स्वतःला त्या काळातल्या कुठल्याही ब्रेकपेक्षा हा जास्त आवडतो.

प्रोटोटाइपचं म्हणाल तर घाईने हो म्हणू नका. कनिंगहॅम आणि त्याच्या साथीदारांनी १९८२ मध्ये काढलेल्या डब्ल्यूटीबी या कंपनीने असे ब्रेक थोडे आणि हाताने बनवले. पण जपानच्या सनटूर कंपनीने हीच रचना परवान्यावर घेऊन १९८० च्या दशकाच्या मध्यात कारखान्यात काढली, आणि जगात फिरतात ते बहुतेक सनटूरचेच. नाव नाही एवढ्यावरून काही ठरत नाही, नाव घासून जातं. ब्रेकच्या हाताची आतली बाजू बघा. साच्यातून आलेल्या, म्हणजे कारखान्यातल्या, मालाला कडा गोल असतात आणि मधोमध जोडाची बारीक रेघ राहते. ठोकळ्यातून कापून काढलेल्या हातावर कटरच्या समांतर रेघा दिसतात, कडा धारदार असतात, आणि डावा-उजवा हात बारकाईने पाहिला तर किंचित वेगळे भरतात. कुठे दोन इंग्रजी अक्षरं ठोकलेली दिसली तर तो सनटूरचा तारखेचा शिक्का असू शकतो. पहिलं अक्षर वर्षाचं (ए म्हणजे १९८४, बी म्हणजे १९८५, असं पुढे), दुसरं महिन्याचं. अक्षरं सापडली तर प्रोटोटाइपचा विषय बहुधा तिथेच संपतो. तरीही वस्तू जपण्यासारखीच आहे, आपल्या किनाऱ्यावर असा ब्रेक मला आजवर दोनदाच पाहायला मिळाला.

त्यातला पहिला माझ्या हातून गेला, म्हणून पुढचं नीट वाचा. खारी हवा लागून अॅल्युमिनियमचा हात लोखंडी खुंटावर धरतो, सांध्यात पांढरी भुकटी दिसते. मी तेव्हा घाईत हातोडी मारली आणि हात सुटायच्या ऐवजी खुंटच फ्रेममधून उखडला. पितळेची झाळ मारून घेतली, पण रेषेत आला नाही. गिऱ्हाईक काही बोलले नाहीत, मला मात्र ते अजून सलतं. तुम्ही रोज सकाळ-संध्याकाळ गंज सोडवणारं तेल दोन थेंब सोडा, आठवडाभर थांबा, मग हाताने हलवून बघा. नाही हलला तर अजून एक आठवडा.

सायकल चालवणार असाल तर रबरांवर लक्ष ठेवा. खुंट वर असल्यामुळे रबर झिजेल तसं रिमवर वर वर सरकतं आणि शेवटी टायरची बाजू कापतं. दर महिन्याला वाकून बघायचं. आणि पावसाळ्यात ती बाहेर काढू नका. जांभ्याचा लाल चिखल नेमका त्या खालच्या जागेत, रोलरवर जाऊन बसतो. मागचा ब्रेक खाली ठेवायची ही पद्धत बंद पडली त्याचं मोठं कारण चिखलच.

चाक काढायचं झालं तर वायर सोडू नका. ब्रेकचे दोन्ही हात दाबून धरा, पत्रा रोलरांच्या मधून बाहेर काढा, ते हात उघडतात आणि चाक निघतं. पत्रा परत घालताना त्याच्या कडेला ग्रीसचं एक बोट फिरवा, रिमला लागू देऊ नका. ब्रेकच्या हाताच्या आतल्या बाजूचा फोटो उजेडात काढून प्रश्नात टाकलात तर साच्यातला की कापलेला, ते मी बघून सांगतो.