फिजिक्स मिळालं म्हणून हिरमुसलेल्या तुला

प्रिय मुली,

तुझा मेसेज वाचला, नीट वाचला, आणि फोन करण्यापेक्षा लिहूनच पाठवावं असं ठरवलं, कारण फोनवर तू हो ताई हो ताई म्हणशील आणि मनातलं मनातच राहील. तू लिहिलंयस की बिट्सॅटला, म्हणजे बिट्स पिलानीच्या प्रवेश परीक्षेला, कॉम्प्युटरपुरते मार्क आले नाहीत, गोवा कॅम्पसला एमएससी फिजिक्स लागलंय, आणि घरी सगळे म्हणतायत की घेऊन टाक, पहिल्या वर्षी जोर लाव, ड्युअलमध्ये (दोन डिग्र्या एकत्र) कॉम्प्युटर पदरात पाडून घे, फिजिक्स काय, कसंतरी काढायचं. हे शेवटचं जे आहे ना, ‘कसंतरी काढायचं’, त्याच्यासाठी हे सगळं लिहितेय.

आधी रचना नीट समजून घे कारण तुझ्या मेसेजवरून वाटतंय की अर्धी माहिती ऐकीव आहे. बिट्समध्ये बारावीनंतर थेट एमएससी ऑनर्सला प्रवेश मिळतो, फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायोलॉजी आणि इकॉनॉमिक्स यांत. पहिलं वर्ष बीईवाल्यांचं आणि एमएससीवाल्यांचं जवळपास सारखंच असतं. वर्ष संपलं की एमएससीच्या मुलांना सीजीपीएच्या, म्हणजे ग्रेडच्या सरासरीच्या, क्रमाने दुसरी डिग्री म्हणून इंजिनिअरिंगची ब्रँच मिळते आणि मग पाच वर्षांत एमएससी आणि बीई अशा दोन डिग्र्या घेऊन बाहेर पडायचं. कॉम्प्युटरला सगळ्यात जास्त मागणी, त्यामुळे तिथला कटऑफ सगळ्यात वर जातो, आणि तो दरवर्षी हलतो, म्हणून कोणी तुला ‘एवढा सीजीपीए आला की नक्की’ असं छातीठोकपणे सांगत असेल तर त्यावर पाच वर्षांचा बेत रचू नकोस.

आता बघ, यात गंमत अशी आहे की पहिल्या वर्षी तू ज्या इंजिनिअरिंगसाठी धावतेस ते दुसऱ्या वर्षी लगेच हातात येत नाही. दुसऱ्या वर्षी मुख्यतः एमएससीचे कोर्स असतात, क्लासिकल मेकॅनिक्स, इलेक्ट्रोमॅग्नेटिक थिअरी, ऑप्टिक्स, मॅथेमॅटिकल मेथड्स, क्वांटम मेकॅनिक्स, एकामागून एक. म्हणजे जिला फिजिक्स नकोच होतं तिचा आठवडाच्या आठवडा फिजिक्समध्ये जातो, आणि तिच्याबरोबर पहिल्या वर्षी बसणाऱ्या बीईच्या मुली मात्र आपापल्या ब्रँचचं शिकायला लागलेल्या असतात. इंजिनिअरिंगचे कोअर कोर्स ड्युअलाइटला, म्हणजे दोन डिग्र्या करणाऱ्याला, खऱ्या अर्थाने तिसऱ्या वर्षापासून लागतात आणि तेव्हा वर्गात शेजारी एक वर्ष ज्युनियर मुलं असतात. याचं काही वाईट वाटून घ्यायचं नसतं, सगळ्यांचंच तसं असतं, पण आधी माहीत असलेलं बरं. माझ्या होस्टेलच्या विंगमध्ये बघितलंय, ज्यांनी दुसरं वर्ष दात ओठ खाऊन काढलं त्यांचा सीजीपीए तिथेच घसरला आणि मग तिसऱ्या वर्षी हवी ती ब्रँच हातात असूनसुद्धा उत्साह उरला नव्हता. आणि ज्यांना फिजिक्स मनापासून आवडत होतं, त्यातल्या काहींना कॉम्प्युटर मिळालं नाही, इलेक्ट्रॉनिक्स किंवा मेकॅनिकल मिळालं, तरी त्यांची पाच वर्षं चांगली गेली.

म्हणून प्रश्न ‘कॉम्प्युटर मिळेल का’ हा नाहीच. प्रश्न असा की, समज, नाही मिळालं, तरी हे पाच वर्षांचं फिजिक्स तुला चालेल का.

हे घरबसल्या तपासता येतं. दोलकाचं आवर्तकालाचं सूत्र तुला पाठ आहे, पण ते फक्त छोट्या कोनासाठी आहे हे पुस्तकात एका ओळीत येऊन जातं आणि क्लासमध्ये तर तेही कोणी सांगत नाही. दोलक ९० अंशांपर्यंत नेऊन सोडला तर आवर्तकाल त्या सूत्रापेक्षा साधारण १८ टक्क्यांनी जास्त येतो. का येतो ते आधी कागदावर शोध. साइन थीटाच्या जागी थीटा लिहिला ती चलाखी नेमकी कुठे केली, मोठ्या कोनाला ती का चालत नाही, आवर्तकालाचं इंटिग्रल नेहमीच्या पद्धतींनी का सुटत नाही. मग पायथनमध्ये छोटा प्रोग्रॅम लिही, वेळेचे बारीक बारीक तुकडे पाडून दर तुकड्याला कोन आणि वेग पुढे ढकलायचा, आणि बघ १८ टक्के येतात का. तुकडा मोठा घेतला तर उत्तर कसं बिघडतं, दोलकाची ऊर्जा आपोआप वाढत जाते का, तेही बघ. यात एक दुपार गेली आणि जेवायला हाक मारली तेव्हा ‘थांब गं आई’ म्हणालीस, तर फिजिक्स बिनधास्त घे. पहिला भाग कंटाळवाणा वाटला आणि फक्त प्रोग्रॅम लिहिताना मजा आली, तर स्वतःशी प्रामाणिक राहा आणि सीईटीतून पुण्यात किंवा सांगलीत जे कॉम्प्युटर इंजिनिअरिंग मिळतंय ते घे, त्यात काहीही कमीपणा नाही. नावासाठी पाच वर्षं नावडत्या विषयात घालवणं मला तरी पटत नाही.

आणि दोन्ही भाग आवडले तर मग ही जोडी डिग्री तुझ्यासाठीच आहे, ती कशी ते सांगते.

नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही मोठी रेडिओ दुर्बीण आहे, तू बहुतेक नाव ऐकलं असशील, पाहिली नसशील. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश. मधल्या भागात १४, बाकीच्या १६ वाय आकारात पसरलेल्या तीन हातांवर, सगळ्यात लांबच्या दोघींमधलं अंतर साधारण २५ किलोमीटर. एवढी मोठी डिश पत्र्याची केली असती तर वाऱ्याचा दाब पेलायला इतकं लोखंड लागलं असतं की आपल्याला परवडलंच नसतं. ही दुर्बीण उभारणारे शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांच्या टीमने डिशचा पृष्ठभाग म्हणून स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारांची जाळी वापरली, जाळीची भोकं एक-दोन सेंटिमीटरची, आणि ती ताणलेल्या दोरांवर धरून ठेवली. वारा आरपार जातो. पण रेडिओ लहर का आरपार जात नाही? कारण जीएमआरटी ज्या लहरी पकडते त्यांची लांबी वीस सेंटिमीटरपासून काही मीटरपर्यंत असते, त्यांच्यापुढे एवढंसं भोक म्हणजे भोकच नव्हे, त्या जाळीवरून परततात. हे इलेक्ट्रोमॅग्नेटिक थिअरीचं साधं उत्तर आहे, आणि त्याच्यावर खर्च, वजन, पाया, मोटर, सगळं इंजिनिअरिंग उभं आहे. ज्याला लहर कळते पण लोखंडाचा हिशोब येत नाही त्याला हे सुचलं नसतं, आणि उलटंही तितकंच खरं. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या आसपास खोडदला प्रदर्शन असतं, लोकांना आत जाऊन बघता येतं, एकदा बाबांना घेऊन जाच.

वर्गातसुद्धा हे सारखं होत राहतं, फक्त कोणी मुद्दाम दाखवून देत नाही, आपणच जुळवायचं असतं. फूरिए ट्रान्सफॉर्म (सिग्नल कुठल्या कुठल्या फ्रिक्वेन्सींचा बनलाय ते काढायचं गणित) तू मॅथेमॅटिकल मेथड्समध्ये शिकशील, तोच क्वांटममध्ये स्थान आणि संवेग यांच्यातलं नातं म्हणून भेटेल, आणि वर्षभराने सिग्नल्स अँड सिस्टिम्समध्ये ज्युनियर मुलं त्याच्याशी झगडत असतील तेव्हा तो तुझा जुना ओळखीचा असेल. क्वांटममधून सॉलिड स्टेट, त्यातून बँडगॅप (पदार्थातला इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी ऊर्जा), सिलिकॉनचा १.१ इलेक्ट्रॉनव्होल्ट, गॅलियम नायट्राइडचा ३.४, आणि मग कळतं की हल्लीचे फोनचे चार्जर इतके लहान कसे झाले, बँडगॅप मोठा म्हणून गॅलियम नायट्राइड जास्त व्होल्टेज सोसतं, पटापट चालू-बंद होतं, म्हणून आतला ट्रान्सफॉर्मर छोटा पुरतो. मी फिजिक्स आणि इलेक्ट्रिकल-इलेक्ट्रॉनिक्स केलं, आता पुण्यात सेन्सरच्या सर्किटचं काम करते, आणि रोज दोन्हीकडचं लागतं. आमच्याकडे एक हुशार मुलगा सर्किटमधला नॉइज घालवायला बोर्डमागून बोर्ड बदलत होता, तो नॉइज रेझिस्टरच्या तापमानामुळेच येत होता, बोर्ड कितीही बदलला तरी जाणार नव्हता. स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स शिकलेल्याला ते आकडा बघूनच कळतं.

हे काही नवीन नाहीये. डिरॅक आधी ब्रिस्टलला इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग शिकले, मग गणित, मग केंब्रिज. ट्रान्झिस्टरवाले बार्डीन विस्कॉन्सिनला इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाले, मग प्रिन्स्टनला पीएचडी, आणि फिजिक्सची नोबेल दोनदा, १९५६ ला आणि १९७२ ला.

आता रोजच्या गोष्टी. पहिल्या वर्षी ग्रेडिंग रिलेटिव्ह आहे, म्हणजे तुझे मार्क किती यापेक्षा वर्ग कुठे आहे हे महत्त्वाचं, त्यामुळे ७० ला घाबरायचं नाही आणि ९० ला हुरळायचं नाही. हजेरीची सक्ती नाही, आणि तिथे हेच बऱ्याच जणांना पहिल्या सेमिस्टरला महागात पडतं, घरी आई उठवायची, कोटा-लातूरला क्लासवाले उठवायचे, इथे कोणी उठवत नाही. लेक्चर एखादं बुडलं तर चालेल, ट्यूटोरियल बुडवू नकोस, तिथे प्रश्न सोडवून घेतात आणि प्रोफेसर नावाने ओळखायला लागतात, पुढे प्रोजेक्ट मागायला जाशील तेव्हा तीच ओळख कामाला येते. सिनियर लोक ‘लाइट घे’, म्हणजे टेन्शन घेऊ नको, म्हणतील, मिडसेमनंतर (सेमिस्टरच्या मधल्या परीक्षेनंतर) घे, आधी नको. मराठी मीडियमची भीती वाटतेय असंही लिहिलंयस, तर त्याचा त्रास पहिले दोन महिने होतो, पुढे नाही. वर्गात प्रश्न इंग्रजीत अडखळत विचारलास तरी चालतो, न विचारलेला मात्र कॉम्प्रेपर्यंत, म्हणजे सेमिस्टरच्या शेवटच्या परीक्षेपर्यंत, तसाच डोक्यात राहतो.

ब्रँच निवडायची वेळ येईल तेव्हा नुसती रांगेतली वरची म्हणून घेऊ नकोस. फिजिक्सबरोबर इलेक्ट्रॉनिक्सवाल्या ब्रँचेस फार छान जुळतात, कॉम्प्युटरही जुळतं जर तुला सिम्युलेशन आवडत असेल तर, मेकॅनिकल जुळतं जर फ्लुइड्स किंवा उष्णता आवडत असेल तर. ड्युअलचा सेमिस्टरवार चार्ट इन्स्टिट्यूटच्या बुलेटिनमध्ये छापलेला असतो, पहिल्याच महिन्यात तो काढून भिंतीवर चिकटव. कोणत्या सेमिस्टरला दोन्हीकडच्या लॅब एकत्र येतात ते त्यात दिसतं, आणि तिथे जास्तीचे इलेक्टिव्ह घ्यायचे नाहीत, क्लबची मोठी जबाबदारीही नाही. तिसरं वर्ष खरंच जड जातं, हे मी गोड करून सांगणार नाही, झोप कमी होते, घरी फोन कमी होतात, त्या वेळी आईला आधीच सांगून ठेव म्हणजे ती काळजी करत बसणार नाही.

दुसरं वर्ष संपल्यावर उन्हाळ्यात प्रॅक्टिस स्कूल असते, कुठल्यातरी कंपनीत किंवा संस्थेत साधारण दोन महिने, ही पद्धत बिट्समध्ये १९७३ पासून आहे. पाचव्या वर्षी एक सेमिस्टर पुन्हा प्रॅक्टिस स्कूल आणि एक सेमिस्टर थीसिस असं करता येतं, आणि माझ्या मते ड्युअलचा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे, एकीकडे नोकरी कशी असते ते बघायचं, दुसरीकडे संशोधन कसं असतं ते, आणि दोन्ही बघून ठरवायचं. मधल्या उन्हाळ्यांत टीआयएफआर या मुंबईच्या संशोधन संस्थेचा उन्हाळी प्रोग्रॅम आणि आयुका या पुण्याच्या खगोलशास्त्र केंद्राचा, दोन्हींना अर्ज कर, फिजिक्सची मुलगी म्हणून तुला तो दरवाजा सरळ उघडा आहे.

शेवटी पैशाचं, कारण तू ते विचारायला लाजलीस आणि मेसेजच्या टोकाला एका ओळीत टाकलंस. फी खूप आहे, आणि ड्युअल म्हणजे चाराच्या जागी पाच वर्षांची फी, होस्टेल, मेस. घरी चार वर्षांचा हिशोब करून कर्ज काढू नका, पाचाचाच करा, नाहीतर शेवटच्या वर्षी ओढाताण होते. उत्पन्नाच्या आधारावर मेरिट-कम-नीड स्कॉलरशिप असते, त्यासाठी सीजीपीए टिकवावा लागतो, उत्पन्नाचे कागद बाबांना आत्ताच काढायला सांग, तहसीलमध्ये जून-जुलैला किती गर्दी असते तुला माहीतच आहे. बँकेतही विचारा की हप्ते कधीपासून सुरू होतात, कोर्स पाच वर्षांचा आहे हे कर्जाच्या कागदावर आलंच पाहिजे.

प्रवेशाच्या पुढच्या इटरेशनला, म्हणजे फेरीला, वरचा प्रेफरन्स लागूही शकतो, तेव्हा यादी भरताना फिजिक्सच्या वर काय ठेवायचं ते दोलक करून झाल्यावर ठरव, आधी नको. रविवारी सकाळी मी बाबांना फोन करते, फीचा कागद त्यांच्याजवळ ठेवायला सांग.

तुझी,
ताई